चमचाभर सोडा

निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी खूळ लागते. मला साबण करण्याचे लागले. नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाला धाकट्या बहिणीकडे आपल्या हातचा साबण न्यावा, या हौसेने मी भाद्रपदातच स्वयंपाकघराचा ताबा घेतला.

कृती सोपी आहे. अर्धा किलो खोबरेल तेलाचा पुरता साबण व्हायला सुमारे ९१ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. हातमोजे आणि चष्मा घालून सोडा पाण्यात टाकायचा. पाणी सोड्यावर ओतले तर ते उसळून अंगावर येते. हे पाणी निवले की तेलात घालून घोटायचे. मिश्रण पिठल्यासारखे दाटले की साच्यात ओतायचे. चुलीवर शिजवणे नाही. दुसऱ्या दिवशी वड्या कापून चार ते सहा आठवडे वाळवायच्या.

यातली एक रीत मला फार आवडली. जाणते लोक सोडा मुद्दाम शेकडा पाच तरी कमी घालतात, म्हणजे थोडे तेल शिल्लक राहते. माणसाचा हात चुकणारच, तेव्हा ती चूक तेलाच्या बाजूने व्हावी! न्यायाच्या तराजूतही एवढे तेल असते तर, असे माझ्या मनात आले.

हे थोर विचार चालू असतानाच दाराची घंटा वाजली. परत येतो तो वजनकाटा आपोआप बंद पडलेला. पुन्हा मोजायचा कंटाळा केला आणि अंदाजाने आणखी एक चमचा टाकला. सवलत होती साडेचार ग्रॅमांची. एक चमचा ती सहज गिळून टाकतो.

वड्या मात्र देखण्या झाल्या, शुभ्र आणि गुळगुळीत. आठवडे सरले. पण जास्त पडलेला सोडा नुसत्या वाळवण्याने जाईल, असे धरता येत नाही. बहिणीच्या घरी तर दोन वर्षांचा नातू. मन म्हणे, ‘इतक्या मायेने केलेला साबण बाधेल कसा?’ पण सोड्याला माया कळत नाही. त्याला फक्त माप कळते.

शेवटी नुसती उटण्याची पुडी घेऊन गेलो आणि सारी हकिगत सांगितली. बहीण हसली. म्हणाली, “दादा, साबण फसला तर फसला. तू सांगितलंस, हे बरं केलंस.”

मी सुखावलो. पण परतताना बसमध्ये एक प्रश्न मनात आला, तो अजून गेलेला नाही. त्याच वड्या कुणा अनोळखी गिऱ्हाइकाला विकायच्या असत्या, तर माझ्या तोंडून हे खरे निघाले असते का? मी सत्यासाठी बोललो, की नातवासाठी?

वाचकहो, उत्तर देण्याची घाई मी करीत नाही. दुसरा घाणा मात्र घातला आहे. आणि या वेळी दाराची घंटा वाजली, तरी उठलो नाही.