किरायाने देणे आहे

मे संपून शाळा उघडायच्या सुमारास हिंगोलीच्या गल्ल्यांतून हिंडलं की फाटकांवर पुठ्ठे लटकलेले दिसतात. 'रूम किरायाने देणे आहे.' पुठ्ठा बहुधा खोक्याचा फाडलेला, अक्षरं मार्करची. खाली मोबाईल नंबर, आणि जागा संपल्यामुळे त्याचे शेवटचे दोन आकडे दाटीवाटीनं बसलेले. एखादा हौशी मालक पेंटरकडून पत्र्यावर पाटी रंगवून घेतो आणि रूम गेली की ती उलटी फिरवून ठेवतो. 'फक्त फॅमिलीसाठी', 'नोकरदारास प्राधान्य', 'बोअरचं पाणी' एवढं तिच्यावर मावतं.

हे गाव बदलीच्या माणसांना सरावलेलं आहे. निजामाच्या काळात हैदराबाद कंटिंजंटची छावणी इथं होती. पलटण, तोफखाना, रिसाला बाजार ही नावं त्या दिवसांची आठवण देतात. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा जिल्हा निघाला आणि कार्यालयांपाठोपाठ कारकून, शिपाई, साहेब आले. सेनगाव, औंढ्याकडची पोरं कॉलेजसाठी येतात ती वेगळीच. पुण्यात दलालाच्या खिशात जाणारे पैसे इथं पुठ्ठ्यामुळे वाचतात. शिवाय फाटकापाशी उभं राहिलं की नळ, गटार, शेजार सगळं समोर असतं; मोबाईलवरच्या फोटोत गटार कधी येत नाही.

म्हणून मला ही पाटी आवडते. घोडं अडतं ते तिच्यापुढच्या बोलण्यात. काकू बाहेर येतात. "कोण्या गावचे?" गाव सांगावं. "आडनाव?" तेही सांगावं. आडनाव दोन-तीन समाजांत चालणारं निघालं की, "पाहुणे कुठं कुठं हायेत तुमचे?" काही नावांना तर पाहुण्यांपर्यंतही जावं लागत नाही. "रूम कालच गेली हो, पाटी काढायची राहिली." पाटी पुढच्या आठवड्यातही तिथंच असते.

जे विचारायचंच आहे ते पाटीवर का लिहीत नाहीत? लाज वाटते म्हणून, आणि थोडी भीतीही. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला राहत्या जागेसाठी अडवणं हा 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. फाटकातल्या बोलण्याला मात्र साक्षीदार नसतो.

मालकाची काळजी खोटी नाही. किराया थकवून रातोरात सामान हलवणारे भेटतात, भिंतीला खिळे ठोकून चाळण करणारेही. पण माणूस पैसे वेळेवर देईल का, हे त्याच्या मामाच्या गावावरून कसं कळणार? आधीच्या घरमालकाला एक फोन केला तर कळतं. नाहीतर करार आहेच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या 55 व्या कलमानं तो लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकावरच टाकली आहे. त्यात नाव, पत्ता, किराया, डिपॉझिट, मुदत सगळं येतं. पाहुण्यांचा रकाना नाही. पण एवढी चौकशी करून मनाजोगता किरायदार मिळाला की मालक नेमका हाच कागद टाळतात. "कशाला खर्च? माणूस आपलाच हाय." मग दिवाळीपर्यंत किराया थकतो आणि आपल्याच माणसाकडे मागायचा कसा, म्हणून घरात नवराबायकोची एकमेकांना ढकलाढकली चालते.