खराब रस्त्याचे प्रेम

सायकलवरून हिंडणाऱ्या माणसाला एक गोड अहंकार असतो. आगगाडीतला प्रवासी खिडकीतून देखावे पाहतो, मोटारीतला तर तेही धड पाहत नाही. आपण मात्र प्रत्येक चढ मांड्यांनी मोजला आहे, प्रत्येक वळण घामाने विकत घेतले आहे, असे त्याला वाटत असते. आणि विकत घेतलेल्या वस्तूवर आपला थोडासा हक्क आलाच, असेही तो मनातल्या मनात ठरवून टाकतो. हा अहंकार माझ्यातही पुरेपूर आहे. साठी उलटली तरी दिवाळीचे पाहुणे परतले, की डब्याच्या तळाशी राहिलेल्या शंकरपाळ्यांची पुरचुंडी पिशवीत टाकून मी सायकलवर टांग मारतो. घरातली मंडळी आता त्यावर वाददेखील घालीत नाहीत.

एका वर्षी असाच मी आलापल्लीहून हेमलकशाला गेलो. साठेक किलोमीटरचा रस्ता. नकाशात पाहिले तर एका सकाळचे काम. पण नकाशात खड्डे दाखवण्याची पद्धत नाही. डांबर कुठे शाबूत, कुठे नुसती त्याची आठवण, कुठे लाल मुरूम. पहिले दोन तास मी रस्त्याला शिव्या दिल्या. मग हळूहळू त्याच्याच मंदपणाची गोडी लागू लागली. खड्डा चुकवायचा म्हणजे सायकल चालण्याच्या गतीने न्यावी लागते, आणि त्या गतीला जंगल आपले काही लपवून ठेवीत नाही. सागाची पाने त्या दिवसांत किड्यांनी खाऊन अगदी जाळीदार झालेली असतात. त्यांतून गाळून आलेला उजेड रस्त्यावर पडला होता. एखादे पान सुटले, की ताटाएवढा तो पत्रा फांदीफांदीवर आपटत खाली येई, आणि तो आवाज कानी पडावा इतकी शांतता होती. मध्येच जंगल बाजूला सरे, पिवळे पडलेले धान दिसे, बांधावर एकटा मोहाचा वृक्ष दिसे. इतर झाडे तोडून शेत केले, तरी मोहाला हात लावायचा नाही, ही तिकडची रीत. एक बाई डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन गेली. समोरून सायकली येत, त्यांच्यावर धानाची पोती, बांबू, कधी मागे बसलेली म्हातारी. घंटी कुणाच्याच सायकलला नव्हती. ती वाजवायची तरी कुणासाठी?

पेरमिलीला चहासाठी थांबलो. टपरीवाल्याने माझी सायकल, माझी टोपी आणि माझे पांढरे केस अनुक्रमे पाहून घेतले आणि सहानुभूतीने विचारले, “येष्टी चुकली का जी?”

“नाही. हौसेने आलो.”

“हौसेनं?” त्याने बाकावरच्या दुसऱ्या गृहस्थाकडे पाहिले. तो गृहस्थ हसला नाही, म्हणून मला जास्तच संकोच वाटला. “आमच्याकडं सायकल हौसेची नसते जी,” टपरीवाला म्हणाला, “एक डाव पावसात येऊन पाहा.”

पावसात तिकडे काय होते, हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्याला ठाऊक असते. हेमलकशाच्या पुढे तीनएक किलोमीटरवर भामरागड. तिथे पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्या भेटतात. हिवाळ्यात हा संगम पाहून कुणीही शहरी मनुष्य खडकावर अर्धा तास गप्प बसून राहील. पण तीच पर्लकोटा आषाढ-श्रावणात पुलावरून वाहू लागली, की भामरागड जगापासून तुटायचे, आणि हे एखाद्या वर्षी नव्हे, वर्षानुवर्षे चालत आले. रस्त्याचा जो खडबडीतपणा मला सुखावत होता, तो अडलेल्या बाळंतिणीला काय वाटत असेल? १९७३ च्या डिसेंबरात डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या साथीने हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला, तेव्हा तर रस्ता म्हणण्यासारखेही फारसे काही नव्हते. माडिया माणसे आपला रोगी खाटेवर घालीत, खाट खांद्यावर घेत आणि रानातून, नाल्यांतून पायी चालत येत. त्या खाटेवरच्या माणसालाही वर सागाची पाने दिसत असतील.

इथे माझ्यापुढे जो प्रश्न उभा राहिला, तो अजून सुटलेला नाही. मला तो रस्ता आवडला. आणि जे आवडते ते तसेच राहावे असे वाटणे हा प्रेमाचा स्वभावच आहे. म्हणजे तो रस्ता तसाच राहावा असे मला वाटले. पण ज्या सौंदर्याची किंमत दुसराच कुणी मोजतो आहे, त्यावर मी प्रेम करावे काय?

“अहो, पण तुम्ही निदान सायकलने गेलात, धूळ उडवीत मोटारीने नाही,” असे माझा एक मित्र म्हणाला. हा घामाचा युक्तिवाद मला फारसा पटत नाही. सायकलचा नैतिक अर्थ महाराष्ट्रात कुणी सर्वांत मोठा केला असेल, तर तो बाबा आमट्यांनी. १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून त्यांची ‘भारत जोडो’ यात्रा निघाली आणि १९८६ मध्ये काश्मीरला पोचली. बरोबर शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर. सायकलच का? मला वाटते, सायकलवाल्याला तहान लागते म्हणून. त्याला गावात थांबावे लागते, कुणाच्या तरी ओट्यावर टेकावे लागते, पाणी मागावे लागते. आणि ज्याच्याकडे पाणी मागितले त्याच्याशी भांडण करणे जड जाते. पण गंमत अशी, की खुद्द बाबांना सायकल चालवता येत नव्हती. पाठीच्या कण्याच्या दुखण्याने त्यांना बसणेदेखील शक्य नसे. तो सारा देश त्यांनी गाडीत आडवे पडून पार केला. आता सांगा, त्या यात्रेत त्यांचा हक्क पेडल मारणाऱ्या मुलांपेक्षा कमी होता काय? पाय कुणाचे दुखले यावर हे ठरत नाही. मी साठ किलोमीटर घाम गाळला तो माझ्या करमणुकीसाठी. त्याबद्दल कुणी माझे काही देणे लागत नाही.

फ्रान्समध्ये या प्रश्नाला एक मजेदार वळण मिळाले आहे. तिकडे खेड्यापाड्यांतून, जुन्या चर्चांच्या मनोऱ्यांखालून सायकलने भटकणे हा राष्ट्रीय छंदच. उत्तर फ्रान्समधील पॅरिस-रुबे ही शर्यत १८९६ साली सुरू झाली. त्या भागातले रस्ते ओबडधोबड दगडी फरशीचे. सायकलस्वारांची हाडे खिळखिळी करणारे. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर एकेक गाव आपल्या रस्त्यावर डांबर घालू लागले. त्यांचे काय चुकले? दूधवाल्याची गाडी, शाळेची पोरे, डॉक्टर, सर्वांना त्याच वाटेने जायचे होते. शर्यतवाल्यांना मात्र खराब रस्ते मिळेनासे झाले! तेव्हा ते खराब रस्ते शोधीत हिंडू लागले. १९६८ साली त्यांना आरेनबर्गच्या जंगलातली एक वाट मिळाली. ती सुचवली जाँ स्ताब्लिन्स्की याने. हा १९६२ चा जगज्जेता सायकलपटू, आणि तरुणपणी त्याच जंगलाखालच्या कोळशाच्या खाणीत काम केलेला मजूर. ज्या भूमीच्या पोटात त्याने काळोखात खोदले, तिच्याच पाठीवरची वाट त्याने जगाला दाखवली. पुढे त्या फरशा जपण्यासाठी, निखळलेला दगड पुन्हा बसवण्यासाठी लोकांनी संस्थाही काढली.

ही गोष्ट मला फार आवडते, पण तिच्यात एक मेख आहे. फ्रान्सने खराब रस्ता जपला तो चांगला रस्ता झाल्यानंतर. आरेनबर्गला कुणी आजारी पडले, तर रुग्णवाहिका त्या फरशांवरून जात नाही. ती शेजारच्या डांबरी सडकेने जाते. आणि ती वाट दाखवणारा मनुष्य तिथल्याच मातीतला होता. आलापल्लीच्या पुढे अशी दुसरी सडक कुठे होती? आणि तिथला कोण मनुष्य मला म्हणाला होता, की आमचे खड्डे राखा?

मग रस्ता रुंद व्हावा, काळा कुळकुळीत व्हावा, आणि प्रश्न मिटला? तसेही नाही. याच जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा लोहखनिजाचा डोंगर आहे. तिथून खनिजाचे ट्रक निघू लागले, तेव्हा वाटेवरच्या गावांना रस्ता म्हणजे काय याचा दुसरा अर्थ कळला: धूळ, अपघात, पोरे शाळेत जाताना जिवाला घोर. २०१६ च्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी तिथे सत्तरहून अधिक वाहने जाळली. १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात त्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहने पेटवली आणि त्याच दिवशी स्फोट घडवून पंधरा पोलीस व एक चालक यांचे प्राण घेतले. महाराष्ट्र दिनाचा तो दिवस. रस्ता नको म्हणणाऱ्यांनीही, गावाला काय हवे, हे गावाला विचारले नाही. रस्ता आखणारे फार वेळा विचारीत नाहीत, आणि माझ्यासारखा हौशी प्रवासी तर विचारण्याच्या भानगडीतच पडत नाही. तो पाहतो, मनात ठेवतो, आणि घरी येऊन दिवाळी अंकात लिहितो. रुग्णवाहिका ज्या डांबरावरून येते, त्याच डांबरावरून ट्रकही येतो. पेरमिलीच्या बाकावर बसलेल्या दोघांचेसुद्धा या बाबतीत एकमत असेल असे मला वाटत नाही. पण भांडायचे तर त्या दोघांनी भांडावे. माझ्या मताला तिथे चहाच्या कपाएवढीही जागा नाही, आणि याचे मला फारसे वाईटही वाटत नाही. आवडणे माझे, ठरवणे त्यांचे, एवढी फारकत मला करता येते. अर्थात् सागाचे पान पडल्याचा तो आवाज मोटारीत बसलेल्याला ऐकू येणार नाही, याची हुरहुर राहते ती राहतेच.

संध्याकाळी हेमलकशाला पोचलो. दवाखान्याच्या आवारात रोग्यांबरोबर आलेली माणसे तीन दगडांच्या चुलीवर भात शिजवीत होती. भिंतीला सातआठ सायकली टेकवलेल्या. एकीच्या कॅरेजवर घडी घातलेले घोंगडे सुतळीने घट्ट बांधलेले होते, दोन्ही बाजूंना पाय टेकायला बांबूची आडवी दांडी. त्यावर बसून कोण आले, आणि किती लांबून, हे विचारावेसे वाटले, पण विचारले नाही. मी माझी सायकल शेजारी लावली. दोनतीन पोरे लगेच जमली. त्यांनी गियर पाहिले, ब्रेक दाबून पाहिले, टायरला बोट लावले. मग त्यांतल्या लहानग्याने मागे जाऊन चाकावरच्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले,

“हिला कॅरेज नाही का जी?”