समजावण्याचा भार कोणी उचलावा?

सकाळी उजाडताच जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात मजुरांची गर्दी होते. कोणी जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यातले, कोणी अकोल्याकडचे, कोणी पेठ-सुरगाण्याहून आलेले. रोज ठरतो, टेम्पो भरतो आणि माणसे द्राक्षबागेत, टोमॅटोच्या तोडणीला पोहोचतात. तिथे बोलणे जेमतेमच होते. घरात कोकणा किंवा ठाकरी बोलणाऱ्याला बागायतदाराची घाईघाईची मराठी अर्धीमुर्धीच उमगते. परप्रांतातून आलेल्याला तर तेवढीही नाही.

“काल औषध मारलंय, त्या ओळीत शिरू नका,” मालक सांगतो. समोरचा मान हलवतो आणि मालक निघून जातो. ती मान समजल्यामुळे हलली की मालकापुढे नाही कसे म्हणायचे म्हणून, हे कोणी पाहत नाही. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत खूण असते. लाल सर्वांत जहाल, मग पिवळी, निळी आणि शेवटी हिरवी. अक्षरओळख नसलेल्यालाही धोका ओळखता यावा म्हणून हे रंग. पण लाल म्हणजे काय, हे कोणीतरी आधी सांगायला हवे ना? डबा हातात धरायचा, खूण दाखवायची आणि म्हणायचे, “आता तुम्ही मला सांगा, काय करायचं नाही?” याला फार तर दोन मिनिटे लागतात. तेवढ्याने एखाद्याचा जीव वाचू शकतो.

कामाला आलेल्याने आपली भाषा शिकावी, असे आपण धरूनच चालतो. मला हे पटत नाही. ज्याच्या हाती काम आणि पैसा, ज्याच्या शब्दाला वजन, समजावण्याचा भार त्याने उचलावा. थकल्याभागल्या, परमुलखातल्या माणसावर तो टाकणे अन्यायाचे आहे.

जुन्नरच्या मातीला ही रीत जुनी आहे. सुमारे २,००० वर्षांपूर्वी इथल्या लेण्यांना यवनांनी, म्हणजे यवन म्हणवल्या जाणाऱ्या परदेशी लोकांनी, दाने दिली. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप. पैसा त्यांचा, नावही त्यांचेच कोरायचे होते. तरी लेख कोरले गेले ते ब्राह्मी लिपीत, इथल्या प्राकृतात. वाचणारे इथले होते, हे त्या देणाऱ्यांनी ओळखले होते.

आज याच तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. देशोदेशीचे खगोलशास्त्रज्ञ ती वापरतात आणि त्यांचा आपसातला व्यवहार इंग्रजीत चालतो. पण २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तिथे गावोगावची शाळकरी मुले येतात. त्या दिवशी पल्सार नावाचा तारा मराठीतच सांगावा लागतो, तोही सातवीतल्या मुलीला कळेल असा. जाणकाराने पुढे यायचे ते असे.

तुमच्या बागेत, गोठ्यात, दुकानात किंवा कारखान्यात दुसऱ्या मुलखातले कोणी राबत असेल, तर पाणी, थांबा, धोका, दुखतंय एवढे चार शब्द आजच त्यांच्याकडून त्यांच्या बोलीत शिकून घ्या. आणि सूचना देऊन लगेच पाठ फिरवू नका. ती त्यांच्या तोंडून एकदा ऐका.