दगडातली पोकळी

पुण्याच्या खराडीत नव्या इमारतीचा पाया खणतात तेव्हा आधी मुरूम लागतो, मग काळा कातळ. त्यातला बारीक छिद्रांचा एखादा दगड हातात घ्या. घाई नको. त्याचं वजन तळव्यावर नीट उतरू द्या.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा कातळ वाहत होता. हजार अंशांहून अधिक तापलेला लाव्हा दख्खनवर थरावर थर पसरत गेला. त्यातले सिलिकॉन, ऑक्सिजन, लोह आजही या दगडात आहेत. उतरली ती त्यांची धावपळ.

दगड निश्चल दिसतो, पण त्यातला एकही अणू निश्चल नाही. कीर्तनात माणसं बसल्या जागी डोलतात तसे ते जागच्या जागी हलताहेत. एकमेकांची ओढ इतकी घट्ट, की जागा सुटत नाही. म्हणून दगड आपला आकार राखतो. आता मनातच उष्णता वाढवत न्या. हालचाल वाढते. हळूहळू ओढ अपुरी पडू लागते, पण संपत नाही. अणू अजून लगटूनच आहेत, फक्त शेजारी बदलू लागलेत. हाच द्रव: दाबून फारसा आक्रसत नाही, आणि आकार मात्र खालच्या जमिनीचा घेतो. सिलिकॉन-ऑक्सिजनच्या साखळ्या पुरत्या सुटलेल्या नसतात, म्हणून लाव्हा पाण्यापेक्षा कितीतरी दाट असतो.

आता एक सावकाश श्वास घ्या. आत आलेल्या हवेचे रेणू सेकंदाला सरासरी ५०० मीटरच्या आसपास वेगाने धावताहेत, आणि इतके विरळ आहेत की परस्परांची ओढ जवळपास जाणवतच नाही. मिळेल तेवढी जागा ते व्यापतात.

आता छिद्राकडे पाहा. लाव्हात वायू विरघळलेला होता. वर येताना दाब उतरला, वायू सुटा झाला, बुडबुडे फुगून वर निघाले. तेवढ्यात थर थिजला. वायू केव्हाच गेला. मला इथे सर्वांत जास्त थांबावंसं वाटतं. ज्याला स्वतःचा आकार नाही, त्याच्या बुडबुड्याचा आकार कोट्यवधी वर्षं टिकला, तो घनाच्या हट्टामुळे.

खराडीहून नगर रस्त्याने पुढे वाघोली. तिथल्या खाणींत निळ्या कॅव्हन्साइटचे स्फटिक निघाले आणि जगभरच्या खनिजसंग्राहकांना वाघोली ठाऊक झाली. कातळात मुरलेल्या पाण्याने आणलेली द्रव्यं पोकळ्यांत साचून असे स्फटिक वाढले. त्यांच्या सोबतीला स्टिल्बाइट नावाचा स्फटिक असतो. १७५६ मध्ये स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेट यांनी स्टिल्बाइट तापवला, तेव्हा तो फसफसला आणि वाफ निघाली. कोरड्या दगडात पाणी होतं! पण ते ना ओलं करत होतं, ना वाहत होतं. एकेक रेणू स्फटिकाच्या सांगाड्यात आपापल्या कप्प्यात धरलेला. यावर थोडं रेंगाळा. एकटा रेणू घन नसतो, द्रव नसतो, वायूही नसतो. शेजाऱ्यांशी त्याचं कसं चाललंय, त्यावर सगळं ठरतं.

संध्याकाळी चहाचं आधण ठेवाल तेव्हा हेच पाहा. उकळताना पाणी वाफ होऊन सुमारे १६०० पट जागा घेतं, रेणू मात्र तितकेच राहतात. आणि पुण्यात हे १०० अंशांना नव्हे, साधारण ९८ अंशांनाच घडतं; समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर हवेचा दाब तेवढा कमी असतो.