वेण्णेचे पावित्र्य आणि तिची ताकद

नदी मुळातच पवित्र असेल, तर आपल्या हातून ती अपवित्र होईलच कशी? वेण्णाकाठच्या मेढ्यात हा प्रश्न नुसता पंडितांचा नाही. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात पुजली जाणारी वेण्णा मेढ्यावरून कण्हेर धरणात उतरते आणि संगम माहुलीला कृष्णेला मिळते. तिथे लोक आपल्या माणसांच्या अस्थी सोडतात. वाहते पाणी सारे पोटात घेते, ही श्रद्धा अनुभवातून आलेली आहे. पाण्यातले जिवाणू विरघळलेल्या प्राणवायूच्या बळावर मळ खातात, म्हणून नदी निवळते. १९१४ मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी हेच काम टाकीत करून दाखवले: सांडपाण्यात हवा सोडायची आणि तळाला बसलेला जिवंत गाळ पुढच्या सांडपाण्यात परत मिसळायचा.

पण ही शक्ती जिवंत आहे, म्हणून तिला स्वतःची गती आहे. ओझे हळूहळू वाढले तर ते खाऊ शकणाऱ्या जाती वाढतात आणि टाकी सावरते. अचानक आले तर प्राणवायू संपतो, गाळ नीट बसत नाही, पाण्याबरोबर वाहून जातो. घरगुती सांडपाण्याची प्राणवायूची मागणी लिटरला काहीशे मिलिग्रॅम असते, मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्याची दहा हजारांहून कितीतरी अधिक. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू तर फारच सावकाश वाढतात. एकदा मेले की पुन्हा जम बसायला आठवडे लागतात. म्हणूनच शहाणा अभियंता येणारे पाणी आधी मोठ्या टाकीत साठवतो आणि सारख्या वेगाने पुढे सोडतो. वेण्णेला अशी टाकी कोण देणार? महाबळेश्वरला उन्हाळी गर्दी होते, नेमकी तेव्हाच तिची धार बारीक असते.

यावर कोणी म्हणेल, पावित्र्य आत्मिक आहे, ते मिलिग्रॅममध्ये मोजू नका. मान्य. पण मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र, थुंकी, रक्त, विष टाकायला मनाई आहे. ही मनाई नदीसाठी नसून माणसाच्या शुद्धीसाठी आहे असे धरले, तरी बंधन आपल्यावरच येते. दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: शुद्धीकरण केंद्र बांधले की झाले. केंद्राने पुष्कळ साधते, ते हवेच. पण तिथेही काम करणारे तेच जीव आहेत, आणि काय, किती, केव्हा सोडायचे हे आपणच ठरवतो. अनंत चतुर्दशीला एका संध्याकाळी सगळे निर्माल्य नदीत लोटण्याऐवजी त्याचे खत करणे, हीदेखील त्या दिवसाची पूजाच आहे, असे मला मनापासून वाटते.