अभावातून जन्मलेला अधिकार

'नर्स प्रॅक्टिशनर' हा शब्द आपल्या कुटुंबांत आता अधूनमधून कानी पडू लागला आहे. अमेरिकेत परिचारिका म्हणून गेलेल्या आपल्या मुली तेथे पुढचे शिक्षण घेतात, परीक्षा देतात आणि एके दिवशी घरी कळवितात की त्या आता रुग्ण तपासतात, रोगाचे निदान करतात, औषधे लिहून देतात. घरच्यांना आनंद होतो. परंतु 'म्हणजे तू डॉक्टर झालीस का गं?' या आईच्या प्रश्नाचे उत्तर देताना मुलगी अडखळते. हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. ज्याने आजवर दुसऱ्याच्या आदेशानुसार काम केले त्याला स्वतः निर्णय घेण्याचा अधिकार मिळतो, तेव्हा तो अधिकार कोणासाठी असतो? त्याच्या स्वतःच्या उन्नतीसाठी, की ज्यांच्या गरजेपोटी तो निर्माण झाला त्यांच्यासाठी? नोकरी शोधण्याच्या व्यवहारी बाबीत हा नैतिक प्रश्न दडलेला आहे. त्याचा विचार येथे करावा असे आम्हांस वाटते.

प्रथम हे पद कसे जन्मास आले ते पाहू. १९२५ साली मेरी ब्रेकिन्रिज या बाईंनी केंटकी राज्याच्या डोंगराळ मुलखात एक परिचर्या संस्था स्थापन केली. तेथील परिचारिका घोड्यावर बसून, ओढे-नाले ओलांडून, बाळंतिणींच्या दारी जात. डॉक्टर कोसच्या कोस नव्हता; म्हणून जे काम डॉक्टरचे ते त्यांना करावे लागे. पुढे १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या सार्वजनिक आरोग्य परिचारिकेने बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांच्या साहाय्याने नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. खेड्यापाड्यांतील मुलांना डॉक्टर मिळत नव्हते आणि त्या मुलांची देखभाल परिचारिका आधीपासूनच करीत होत्या. फोर्डबाईंनी त्या कामाला शिक्षणाची बैठक दिली. विरोध झाला तो केवळ डॉक्टरांकडून नव्हे. परिचर्येच्या अध्यापकांनीही त्यांना दूषणे दिली. वयाच्या १०४ व्या वर्षी, २०२५ साली, त्यांचे निधन झाले तेव्हा अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरांची संख्या चार लाखांच्या घरात गेली होती. म्हणजे हे पद कोणाच्या महत्त्वाकांक्षेतून उभे राहिलेले नाही. ते अभावातून जन्मलेले आहे.

आज या पदापर्यंत पोहोचण्याची वाट सोपी नाही. आधी नोंदणीकृत परिचारिका व्हावे लागते. मग पदव्युत्तर पदवी किंवा डॉक्टरेट, अनुभवी चिकित्सकाच्या देखरेखीखाली शेकडो तासांचे प्रत्यक्ष काम, आणि त्यानंतर राष्ट्रीय स्तरावरील प्रमाणपत्र परीक्षा. ही परीक्षा 'सर्व काही येते' असे म्हणत नाही. कौटुंबिक आरोग्य, प्रौढ व वृद्ध, बालके, स्त्रिया, नवजात अर्भके, मनोरुग्ण अशा शाखा ठरलेल्या असतात आणि जिच्यात प्रमाणपत्र मिळाले त्या शाखेची मर्यादा पाळावी लागते. ठरावीक काळाने प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. इतके करून ही माणसे डॉक्टरांच्या तोडीची सेवा देतात काय, अशी शंका अनेकांनी घेतली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कमधील एका अभ्यासात १३१६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून काहींना डॉक्टरांकडे व काहींना नर्स प्रॅक्टिशनरांकडे सोपविण्यात आले. सहा महिन्यांनी पाहता प्राथमिक उपचारांपुरते दोन्ही गटांच्या प्रकृतीत लक्षणीय अंतर आढळले नाही.

तरीही प्रमाणपत्र म्हणजे अधिकार नव्हे. अधिकार राज्याचा कायदा देतो. टेक्सासमधील एल पासो हे शहर न्यू मेक्सिको राज्याच्या सीमेला टेकलेले आहे. तेथून मोटारीने तासाभरात न्यू मेक्सिकोतील लास क्रुसेस येते. एल पासोत औषध लिहावयाचे तर नर्स प्रॅक्टिशनरला डॉक्टरशी लेखी करार करावा लागतो. लास क्रुसेसमध्ये तिला त्याची गरज नसते. परीक्षा तीच, ज्ञान तेच, ताप आलेले लेकरू तसेच. सीमा ओलांडताच अधिकार बदलतो. निम्म्याहून अधिक राज्यांनी आता तिला पूर्ण अधिकार दिला आहे. बाकीच्या राज्यांत करारासाठी डॉक्टर शोधणे हीच नोकरीच्या शोधातील पहिली अडचण ठरते आणि कधी कधी त्या सहीसाठी दरमहा पैसेही मोजावे लागतात. वृद्धांच्या सरकारी विमा योजनेत १९९७ च्या कायद्याने तिला स्वतःच्या नावे मोबदला मिळू लागला, पण तो डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के.

याउलट पगाराची बाजू मोहविणारी आहे. अमेरिकी श्रमखात्याच्या मे २०२३ च्या आकडेवारीप्रमाणे परिचारिकेचे मध्यम वार्षिक वेतन सुमारे ८६ हजार डॉलर, तर नर्स प्रॅक्टिशनरचे सुमारे १ लाख २६ हजार डॉलर होते. जागाही वाढत आहेत. मात्र त्या सर्वत्र सारख्या नाहीत. मोठ्या शहरातील दवाखाने अनुभव मागतात आणि नवख्या उमेदवाराला थांबवून ठेवतात; त्वचेच्या सौंदर्योपचारांची झगमगीत केंद्रे चांगला पगार देऊ करतात; आणि आडगावातील दवाखान्यांच्या जाहिराती तशाच पडून राहतात. टंचाईच्या प्रदेशात निदान दोन वर्षे काम करणाऱ्यांचे शैक्षणिक कर्ज फेडण्याची सरकारी योजना तेथे आहे. योजना आहे याचाच अर्थ असा की केवळ विनंतीने माणसे तेथे जात नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्या अभावाने हे पद निर्माण केले त्या अभावाचे ऋण ते पद घेणाऱ्यावर आहे काय? 'आहे' असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद सरळ आहे. गावाला डॉक्टर मिळत नाही, ही एकच सबब पुढे करून परिचारिकांनी कायदेमंडळांकडून अधिकार मागून घेतला. अधिकार मिळाल्यावर गावाकडे पाठ फिरविली, तर ज्याच्या नावाने मागितले त्याचीच फसवणूक झाली. विहीर खणण्यासाठी वर्गणी गोळा करावी आणि त्या पैशात अंगणात कारंजे उभारावे, असा तो प्रकार होईल.

हा युक्तिवाद बलवान आहे. परंतु तो अपुरा आहे असे आमचे मत आहे. डॉक्टर होणाऱ्या मुलालाही समाजाच्याच पैशाने शिकविले जाते. तो शहरात थाटामाटाने दवाखाना काढतो तेव्हा त्याला कोणी ऋणाची आठवण देत नाही. परिचारिकेलाच ती का द्यावी? कारण उघड आहे. ती स्त्री असते आणि तिचे काम 'सेवा' समजले जाते. सेवा हा शब्द पवित्र आहे. पण त्याच शब्दाच्या आड तिला कमी पगार, जादा पाळ्या आणि उपेक्षा आजवर बिनदिक्कत देण्यात आली. धर्मादाय म्हणविणारी रुग्णालयेही यास अपवाद नाहीत. 'हे तुमचे पाचारण आहे' असे म्हणत वेतनाचा प्रश्न टाळणे सोपे असते. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली कामगारांच्या प्रश्नावर जे परिपत्रक काढले, त्यात न्याय्य वेतन ही दयेची नव्हे तर न्यायाची बाब मानली आहे. पाचारणाचा हवाला देऊन न्याय चुकविता येत नाही.

दयाळू शोमरोन्याचा दाखला आपणा सर्वांस पाठ आहे. त्यातील एका पात्राकडे मात्र आपले लक्ष सहसा जात नाही; ते पात्र म्हणजे उतारशाळेचा मालक. शोमरोनी जखमांवर तेल व द्राक्षारस ओततो, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवून आणतो, एक रात्र त्याच्याजवळ राहतो. पण दुसऱ्या दिवशी त्याला पुढे जावे लागते. त्यानंतरची शुश्रूषा मालकाने करावयाची असते आणि त्यासाठी त्याला दोन दीनार दिले जातात, अधिक खर्च झाल्यास परतताना फेडीन असे वचनही दिले जाते. प्रभूने या पैसे घेऊन केलेल्या शुश्रूषेला कमी लेखलेले नाही. पहिल्या क्षणाची करुणा शोमरोन्याची. पण तो माणूस बरा झाला असेल तर तो अनेक दिवसांच्या, मोल दिलेल्या आणि खर्चाची हमी असलेल्या देखभालीने. करुणेला टिकाव धरावयाचा असेल तर तिच्यामागे कोणीतरी खर्चाला उभे राहिले पाहिजे, हे आम्ही त्यातून शिकतो.

काही काळापूर्वी परदेशी असलेल्या एका युवतीने आमचा सल्ला मागितला. कौटुंबिक आरोग्याची प्रमाणपत्र परीक्षा ती नुकतीच उत्तीर्ण झाली होती आणि तिच्या हाती दोन नेमणूकपत्रे होती. एक महानगरातील सौंदर्योपचार केंद्राचे, दुसरे शेतमजुरांच्या वस्तीतील दवाखान्याचे. दुसऱ्या ठिकाणी पगार कमी होता, आणि डॉक्टर आठवड्यातून एकदाच येणार होते. 'फादर, मी कुठे जायला हवे?' असे तिने विचारले. धर्मगुरूकडून कोणते उत्तर येईल याची तिला कल्पना असावी. आम्ही ते उत्तर दिले नाही. आम्ही तिला तीन गोष्टी विचारावयास सांगितल्या: अडचणीच्या वेळी फोनवर सल्ला देणारा डॉक्टर नक्की ठरला आहे काय? पहिले वर्षभर शिकविणारे कोणी आहे काय? आणि तुझ्या वाट्याला किती रुग्ण येणार हे लेखी दिले आहे काय? कारण नवख्या माणसाला एकटे सोडणे हा त्या माणसावर जसा अन्याय आहे, तसाच तो गरीब रुग्णावरही आहे. गरिबाला कसेही उपचार चालतात, असे मानणे ही सेवेची विटंबना होय.

येथेच आमच्या विचाराचा गाभा आहे. ऋण आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्याचे वाटेकरी अनेक आहेत. पहिला वाटा समाजाचा व शासनाचा. त्यांनी जबाबदारी दिली असेल तर तिच्या मापाने अधिकार द्यावा आणि अधिकाराच्या मापाने वेतन द्यावे. अर्धा अधिकार, कमी मोबदला आणि पूर्ण त्याग अशी मागणी करण्याचा हक्क कोणालाही नाही. दुसरा वाटा संस्थेचा. तिने नवख्या हाताला अनुभवी हाताची जोड द्यावी. हे दोन वाटे फेडले गेले की मग तिसरा वाटा त्या परिचारिकेचा, आणि तो खरा आहे. न्याय्य वेतन, पुरेसा अधिकार आणि आधार या तिन्ही गोष्टी मिळत असतानाही केवळ चार डॉलर अधिक म्हणून ती सुरकुत्या घालविण्याच्या कामाला गेली, तर तिने कायदा मोडलेला नसतो. परंतु ज्या हाकेने तिचे पद निर्माण झाले ती हाक तिने ऐकून न ऐकल्यासारखी केलेली असते. याबद्दल तिला कोणी शिक्षा करू नये. तिच्या सदसद्‌विवेकबुद्धीला मात्र याचा जाब विचारता आला पाहिजे.

चौथा वाटा आपला, म्हणजे घरी राहिलेल्या कुटुंबांचा. तो आपण बहुधा मोजीत नाही. मुलगी परदेशी नर्स झाली की तिच्या पगारावर घराचा स्लॅब पडतो, भावाचे शिक्षण होते, लग्नाचा मांडव मोठा होतो. यातील कितीतरी गरजा खऱ्या असतात आणि त्या भागविणे हे तिचे प्रेमच आहे. पण गरज संपून हौस कोठे सुरू झाली हे तिला सांगणारे घरात कोणी नसते. दुसऱ्या मजल्याची आस धरून आपण तिला अधिक पगाराकडे ढकलतो आणि रविवारी मिस्सेनंतर आपली मुलगी 'सेवा' करते असे अभिमानाने सांगतो. तिला खरोखर मोकळेपणाने निवड करता यावी असे वाटत असेल तर 'आता एवढे पुरे, बाळा' हे शब्द आपणच आधी उच्चारले पाहिजेत.

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचाही राहिलेला नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नर्स प्रॅक्टिशनरचे स्वतंत्र पद निर्माण करण्याचा उल्लेख आहे. भारतीय परिचर्या परिषदेने त्याच सुमारास अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आखला. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले आणि तेथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने मधल्या स्तरावरील आरोग्यसेवकांना मर्यादित परवान्याची तरतूद केली, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनांनी देशभर निषेध केला. अमेरिकेत १९६५ नंतर जे घडले त्याचीच ही पुनरावृत्ती. शिकविण्याची तयारी आहे. पण शिकलेल्या परिचारिकेला तिच्या शिक्षणाच्या तोडीचे पद व अधिकार देण्याची घाई दिसत नाही. अशी परिचारिका परदेशाची वाट धरते तेव्हा तिला स्वार्थी म्हणण्यापूर्वी तिला आपण काय देऊ केले होते ते आठवावे.

आपल्या धर्मग्रामांतील अनेक मुली आजही परिचर्येच्या शाळांत शिकत आहेत. त्यांतील काहींच्या हाती उद्या स्टेथोस्कोप आणि औषधाची चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार येईल. कोणाच्या एल पासोत, कोणाच्या पालघरमधील एखाद्या उपकेंद्रात. तो मिळाला म्हणून त्यांचे कौतुक करावेच. मात्र त्यांना पगार किती हे विचारण्याआधी, तुझ्याकडे कोण येते आणि तू नसतीस तर ते कोणाकडे गेले असते, हे एकदा विचारून पाहावे. या प्रश्नाचे जे उत्तर येईल त्यावरून मुलीचे काम तर कळेलच. आपण तिच्याकडून काय अपेक्षित होतो हेही आपल्याला कळेल.