विचारणाऱ्याचा खरेपणा

भरतीची जाहिरात निघाली की पालघर जिल्ह्यातल्या पोशेऱ्यासारख्या गावातली पोरं फॉर्म भरायला मोखाड्याला नाहीतर जव्हारला जातात. फॉर्म मोबाइलवरही भरता येतो. पण सहीचा फोटो ठरलेल्या केबीत बसत नाही, मध्येच रेंज जाते, म्हणून फॉर्म भरून देणारं केंद्रच बरं. तिथला माणूस भराभर विचारतो, ऐकेल ते टाइप करतो.

जन्मतारीख? एक जून. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर किती लोक एक जूनला जन्मलेले आहेत! आईला विचारलं तर ती भाताच्या आवणीचे दिवस होते म्हणते. तारीख गुरुजींनी घातलेली. तरी हे खोटं नव्हे. दाखल्यावर काय आहे, एवढंच फॉर्मला हवं असतं.

अनुभव? ‘नाही.’ इथे मात्र मी अडखळतो. दिवाळीनंतर या भागातली कितीतरी कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. बयाणा किती घेतला, खर्ची किती मिळाली, विटा किती हजार पाडल्या, हा हिशेब घरात कोण ठेवतं? बहुतेक वेळा शिकलेलं पोरगंच. आणि तेच ‘अनुभव नाही’ असं सांगून मोकळं होतं. हे असत्यच आहे. नुकसान त्याचं एकट्याचं, म्हणून कोणी हरकत घेत नाही.

खरी परीक्षा पुढे असते. ‘तुमच्याविरुद्ध गुन्हा दाखल आहे का?’ जंगलजमिनीवरून झालेली केस असेल, जत्रेतल्या मारामारीत आलेलं नाव असेल. टाइप करणारा कीव येऊन म्हणतो, ‘नाही टाकू का?’ या किवेपासून सावध राहावं. चारित्र्य पडताळणीत पोलीस ठाण्याची नोंद निघतेच, आणि मग मूळ केस राहते बाजूला, लपवल्याचा ठपका मोठा होतो.

अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी 21 जुलै 2016 रोजी हेच सांगितलं: उमेदवाराने दिलेली माहिती खरीच हवी, लपवाछपवी नोकरीवर बेतू शकते. पण निकाल तिथे थांबत नाही. तरुण वयातल्या घोषणाबाजीसारखी किरकोळ बाब कोणी लपवली असेल, तर नोकरी देणाऱ्याला ती सोडून देता येते. केस उघडपणे सांगितली आणि ती क्षुल्लक असली, तर नेमणूकही देता येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं: प्रश्न नेमका हवा. मोघम विचारायचं आणि मग लपवलं म्हणायचं, हे चालणार नाही.

आपण नीतीचे धडे नेहमी उत्तर देणाऱ्याला देतो. प्रश्न तयार करणारा मात्र सुटतो. गंभीर गुन्हा आणि शेताच्या बांधावरची भांडणं एकाच ‘होय’मध्ये कोंबायची, खुलाशाला ओळही ठेवायची नाही, आणि वर खरेपणाचं हमीपत्र घ्यायचं! तरीही माझा सल्ला ‘होय’ लिहिण्याचाच आहे. फॉर्मात जागा नसेल तर केसची कागदपत्रं कागद तपासणीला सोबत न्यावीत. विक्रमगड-मनोर करत पालघर गाठायचं म्हणजे दिवस जातो, हे ठाऊक असूनही.

तारापूर एमआयडीसीतल्या कंपन्यांपासून सरकारी खात्यांपर्यंत, फॉर्म ठरवणाऱ्यांना एकच सुचवावंसं वाटतं. ‘अनुभव (वर्षे)’ हा रकाना काढून ‘आजवर कोणकोणती कामं केलीत, पगारी असोत वा घरची?’ असं विचारून पाहा. उत्तराला चार ओळी लागतील, त्या ठेवा.